कर्तबगारी सीमेवर ओळखता येते का?

19 फेब्रुवारी 2014 रोजी कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू या शहरात यान कूम हा 37 वर्षांचा उद्योजक आपल्या सहकाऱ्यांबरोबर एका ओस पडलेल्या पांढऱ्या इमारतीपाशी गेला, तिच्या बंद दारावर त्याने कागद टेकवले आणि सही केली. व्हॉट्सॲप ही त्याची कंपनी 19 अब्ज डॉलरना फेसबुकला विकण्याचा तो करार होता. ती इमारत पूर्वी समाजकल्याण खात्याची होती, आणि युक्रेनमधून नुकता आलेला किशोरवयीन कूम तिथे सरकारी अन्नकुपनांसाठी रांगेत उभा राहत असे. इतक्या मोठ्या व्यवहाराची सही करायला जागांची वाण नसताना त्याने तेच दार निवडले, यातच त्याला काय सांगायचे होते ते आले, असे मी मानतो.

ही गोष्ट जगभर सांगितली गेली ती मात्र निराळ्या तऱ्हेने. गरीब मुलगा, परका देश, अपार कष्ट आणि शेवटी अफाट संपत्ती, असा तिचा साचा ठरून गेला. त्या साच्यातून दोन निष्कर्ष हमखास काढले जातात. पहिला असा की, ज्याच्या अंगात धमक आहे तो कुणाच्याही मदतीशिवाय वर येतोच, तेव्हा स्थलांतरितांवर सरकारने पैसा खर्च करण्याचे कारण नाही. दुसरा निष्कर्ष वरकरणी अधिक समंजस वाटतो. देशाला अशीच कर्तबगार माणसे हवी आहेत, म्हणून सीमेवरच माणसे पारखून घ्यावीत, शिकलेली, पैसेवाली, भाषा जाणणारी तेवढी आत घ्यावीत आणि बाकीच्यांना परत पाठवावे, असे तो सांगतो. पहिल्या निष्कर्षाचे खंडन ते दार स्वतःच करते. मला वाद घालायचा आहे तो दुसऱ्याशी, कारण आज अनेक देशांच्या स्थलांतर धोरणाचा तो पाया होऊन बसला आहे आणि चांगल्या हेतूची माणसेही तो सहज मान्य करतात.

कूम 1992 मध्ये अमेरिकेत उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. बरोबर आई आणि आजी होत्या, वडील मागेच राहिले होते. परदेशात शाळेच्या साहित्याचा खर्च झेपणार नाही या काळजीने आईने घरून निघतानाच सामानात पेनांचा साठा आणि सोव्हिएत बनावटीच्या वीस वह्या कोंबल्या होत्या. तिथे गेल्यावर ती लोकांची मुले सांभाळू लागली आणि मुलगा एका किराणा दुकानात फरशी झाडू लागला. राहायला दोन खोल्यांचे घर मिळाले तेही सरकारी मदतीने. पुढे आईला कर्करोग झाला आणि घर तिच्या अपंगत्व भत्त्यावर चालले. मुलगा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून संगणक जाळ्यांविषयीची पुस्तके विकत आणायचा आणि वाचून झाली की परत करायचा. आता या कुटुंबाचा अर्ज एखाद्या पारख करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठेवून पाहावा. भांडवल नाही, पदवी नाही, नोकरीचे पत्र नाही, एक वृद्धा, एक मध्यमवयीन बाई आणि एक शाळकरी पोर. आज प्रचलित असलेल्या कोणत्याही गुणांकन पद्धतीत या तिघांच्या वाट्याला फारसे काही आले नसते, आणि त्या अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला असता तर नियमाप्रमाणे तो चुकलाही नसता.

हे एकट्या कूमपुरते असते तर त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवता आले असते. पण गरिबीतून वर आलेल्या स्थलांतरित उद्योजकांची चरित्रे जितकी वाचावीत तितके हेच पुन्हा पुन्हा समोर येते. त्यांच्यापैकी बहुतेकजण ‘उद्योजक’ म्हणून कोणत्याही देशात शिरलेलेच नव्हते. कुणी आईबापांचे बोट धरून आले, कुणी जीव मुठीत घेऊन पळत आले. पुढे पोलादाचा बडा कारखानदार झालेला अँड्र्यू कार्नेगी 1848 मध्ये स्कॉटलंडहून अमेरिकेला निघाला तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. यंत्रमागांनी त्याच्या वडिलांचा हातमाग बंद पाडला होता, आणि प्रवासखर्चाला कमी पडलेले वीस पौंड त्याच्या आईच्या एका मैत्रिणीने उसने दिले होते. गूगलच्या दोन संस्थापकांपैकी सर्गे ब्रिन 1979 मध्ये सोव्हिएत संघातून आला तो सहा वर्षांचा असताना. सहा वर्षांच्या मुलाला कोणत्या निकषावर किती गुण द्यायचे?

याहूनही बोलके उदाहरण, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचा पुढे प्रमुख झालेल्या अँडी ग्रोव्हचे आहे. बुडापेस्टमध्ये 1936 साली एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. चौथ्या वर्षी आलेल्या लोहितज्वराने त्याची श्रवणशक्ती अधू केली, आणि पुढे नाझींच्या तावडीतून तो व त्याची आई लपूनछपून वाचली. 1956 चा हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला तेव्हा विशीतला हा तरुण सीमा ओलांडून ऑस्ट्रियात पोचला आणि जानेवारी 1957 मध्ये अमेरिकेत दाखल झाला. त्या वेळी अमेरिकेच्या कायद्यात देशवार कोटा होता आणि हंगेरीच्या वाट्याला वर्षाकाठी अवघ्या 865 जागा होत्या. कायद्याचे बोट धरून चालायचे ठरवले असते तर ग्रोव्ह रांगेत कुठे असता ते सांगता येत नाही. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सरकारने कायद्यातल्या एका अपवादात्मक तरतुदीचा आधार घेऊन तीस हजारांहून अधिक हंगेरियन निर्वासितांना आत घेतले, म्हणून तो आला. ही माणसे गुण मोजून निवडलेली नव्हती. संकटातून पळालेल्यांना थारा द्यायचा, एवढाच निकष होता.

आल्यानंतरही त्याची वाट त्याने एकट्याने काढली असे नाही. न्यूयॉर्कचे सिटी कॉलेज हे सार्वजनिक महाविद्यालय तेव्हा शिक्षण शुल्क घेत नसे. ऐकू कमी येत असल्याने शिक्षकांच्या ओठांच्या हालचाली वाचत ग्रोव्ह तिथे शिकला आणि 1960 मध्ये रासायनिक अभियंता झाला. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने त्याला श्रवणयंत्र मिळवून दिले. 1963 मध्ये बर्कलेच्या विद्यापीठातून, म्हणजे पुन्हा एका सार्वजनिक संस्थेतून, त्याने डॉक्टरेट घेतली आणि 1968 मध्ये इंटेल कंपनी स्थापन झाली तेव्हापासून तो तिच्यात होता. पुढे तो कंपनीचा प्रमुख झाला आणि 2005 मध्ये त्याने सिटी कॉलेजला 2 कोटी 60 लाख डॉलरची देणगी दिली. आपल्या चरित्रातला कोणता दुवा निखळला असता तर सगळे कोसळले असते, हे त्याला नेमके ठाऊक होते असे या देणगीवरून दिसते. त्या महाविद्यालयाची मोफत शिक्षणाची परंपरा 1976 मध्ये शहराच्या आर्थिक संकटात संपली, याची खंत मला हे लिहिताना वाटल्यावाचून राहत नाही.

सीमेवरच्या पारखीचा याहून खोल दोष मात्र वेगळाच आहे. अर्जाचा नमुना ज्याला उणीव म्हणतो, त्याच उणिवेतून अनेकदा या माणसांची कल्पकता जन्माला येते. मायकेल मार्क्स हा आजच्या बेलारूसमधल्या स्लोनिम गावचा ज्यू तरुण 1880 च्या दशकात इंग्लंडमध्ये आला. इंग्रजी त्याला फारसे येत नव्हते आणि खिशात काही नव्हते. लीड्स शहरात आयझॅक ड्यूहर्स्ट या घाऊक व्यापाऱ्याशी त्याची गाठ पडली. त्याने या अनोळखी माणसाला पाच पौंड देऊ केले, तेव्हा ‘त्या रकमेचा माल तुमच्याच गोदामातून घेतला तर चालेल का’ असे मार्क्सने विचारले. सुया, दोरे, बटणे असा किरकोळ माल तो आधी फिरून विकू लागला आणि 1884 मध्ये त्याने लीड्सच्या कर्कगेट बाजारात उघड्यावर फळी मांडली. फळीवर एका पेनीच्या वस्तू एकत्र ठेवल्या आणि वर पाटी लावली, ‘किंमत विचारू नका, एक पेनी’.

ही पाटी जरा निरखून पाहण्यासारखी आहे. ज्या बाजारात घासाघीस केल्याशिवाय व्यवहार होत नसे, तिथे घासाघीस करण्याइतकी भाषा या विक्रेत्याजवळ नव्हती. बोलावेच लागू नये अशी विक्रीची रीत त्याने शोधली, आणि गिऱ्हाइकांना तीच आवडली. गिरणीत राबणाऱ्या बाईला फळीवर काय आहे ते स्वतः उचलून पाहता येत होते, फसवले जाण्याची भीती नव्हती, आपल्या पेनीत काय येते ते विचारायची लाज नव्हती. 1894 मध्ये ड्यूहर्स्टचा रोखपाल टॉमस स्पेन्सर याने तीनशे पौंड घालून निम्मी भागीदारी घेतली आणि ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ ही ब्रिटनमधली दुकानांची मोठी साखळी उभी राहिली. भाषेच्या चाचणीत मार्क्सला शून्य गुण मिळाले असते, आणि ज्या कल्पनेवर एवढा व्यवसाय उभा राहिला ती त्याच शून्यातून आली होती. कूमबद्दलही मला असेच वाटते. ज्याचे वडील हजारो मैल दूर आहेत आणि ज्याच्या लहानपणी टेलिफोन चोरून ऐकले जाण्याच्या भीतीने घरातली माणसे फोनवर मोकळे बोलत नसत, त्याला स्वस्त आणि खाजगी संदेशाचे मोल सुखवस्तू घरातल्या अभियंत्याहून अधिक कळले असणार.

मार्क्स आल्यानंतर वीसेक वर्षांनी, 1905 मध्ये, ब्रिटनने परकीयांसंबंधीचा कायदा केला आणि उदरनिर्वाहाचे साधन दाखवू न शकणाऱ्या, जहाजाच्या सर्वांत स्वस्त वर्गातून आलेल्या परक्यांना बंदरातूनच परत पाठवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. धार्मिक छळातून पळालेल्यांसाठी त्यात सवलत होती, पण एखाद्या बंदरावर परक्या भाषेत आपला छळ सिद्ध करणे हे काम ज्याला करावे लागते त्यालाच माहीत. अमेरिकेने तर 1882 मध्येच, ज्याचा भार सरकारवर पडेल अशा माणसाला प्रवेश नाकारण्याचे तत्त्व कायद्यात आणले होते, आणि चिनी मजुरांना वंशावरून दार बंद करणारा कायदाही त्याच वर्षीचा. ‘सरकारवर भार’ ही कल्पना आजही जिवंत आहे. 2020 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत लागू झालेल्या एका नियमाने, कायम वास्तव्याचा अर्ज करणाऱ्याने अन्नकुपनांसारखी मदत घेतली असेल तर ती त्याच्या विरोधात धरण्याची मुभा दिली होती. 2021 मध्ये तो नियम मागे घेण्यात आला, आणि निर्वासितांना तो लागू नव्हता हेही खरे. तरी त्यामागची धारणा पुन्हा पुन्हा डोके वर काढते. आज मदत घेणारा उद्याही मदतच घेत राहील, असे ती धरून चालते, आणि माउंटन व्ह्यूमधले ते पांढरे दार त्या धारणेविरुद्धचा धडधडीत पुरावा आहे.

याच काळात पैशासाठी दारे मात्र मुद्दाम कोरून काढली गेली. अमेरिकेत गुंतवणूकदारांसाठी असलेल्या व्हिसाला 2022 पासून किमान 8 लाख डॉलर लागतात. ब्रिटनमध्ये 20 लाख पौंड गुंतवणाऱ्याला प्रवेश देणारा व्हिसा होता, तो काळ्या पैशाच्या आणि सुरक्षेच्या शंकांमुळे फेब्रुवारी 2022 मध्ये बंद करावा लागला. ज्याच्याकडे एवढी रक्कम आहे त्याला गरिबीतून वर यायचेच नसते. देश सत्कार करतात ते शून्यातून उभ्या राहिलेल्या माणसांचे आणि मार्ग मोकळा करतात तो आधीच उभ्या असलेल्यांचा, ही विसंगती कुणालाच कशी टोचत नाही, याचे मला मनापासून आश्चर्य वाटते.

गुणांकन पद्धतीवर मात्र सरसकट टीका करणे अन्यायाचे होईल. कॅनडाने 1967 मध्ये ती आणली तेव्हा तिने वंश आणि मूळ देश पाहून माणसे निवडण्याच्या जुन्या रीतीची जागा घेतली, आणि शिक्षण, वय, भाषा यांसारखे सर्वांना सारखे लागू होणारे निकष पुढे आणले. ती मोठी सुधारणा होती. कोणत्याही देशाला येणाऱ्या प्रत्येकाला घेता येत नाही, शाळा, घरे आणि दवाखाने यांना मर्यादा असतात, आणि किती जणांना घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क तिथल्या नागरिकांचाच आहे, हेही मला मान्य आहे. कमी मजुरीवर राबायला तयार असलेल्या नवागतांमुळे आपले वेतन घसरेल ही स्थानिक कामगाराची भीती तुच्छतेने उडवून लावण्याजोगी नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे. गुणांचे दार असावे, पण ते एकमेव असू नये. कुटुंबाचे आणि निर्वासितांचे दार हे भूतदयेपोटी सोसायचे ओझे आहे आणि गुणांचे दार तेवढे देशहिताचे, ही जी वाटणी रूढ झाली आहे, तिला इतिहासाचा आधार नाही.

दार ओलांडल्यावर काय होते, याकडे तर धोरणकर्त्यांचे लक्ष आणखीच कमी असते. स्थलांतरित लोक धंद्याकडे वळतात त्याचे कारण उपजत धाडस असे आपण समजतो, पण पुष्कळदा दुसरा मार्गच शिल्लक नसतो. मायदेशातली पदवी कुणी मानत नाही, अनुभव विचारात घेतला जात नाही, उच्चारावरून मुलाखत संपते, आणि मग शिकलासवरलेला माणूस टॅक्सी चालवतो किंवा दुकान टाकतो. ते दुकान सकाळी लवकर उघडते आणि रात्री उशिरा मिटते, कारण गल्ल्यावर पगारी माणूस ठेवणे परवडत नाही. गल्ल्यावर बायको बसते, शाळेतून आलेली मुले माल लावतात, सरकारी पत्रे आईबापांना वाचून दाखवतात, आणि या श्रमाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. बहुसंख्य धंदे एवढ्यावरच राहतात, काही बुडतात. त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही, आणि म्हणून केवळ कष्टाने सगळे साधते हा समज पक्का होत जातो. वर येणाऱ्यांइतकेच कष्ट या माणसांनीही केलेले असतात.

फरक पडतो तो बहुधा एखाद्या वेळेवर मिळालेल्या आधाराने. बँक तारण मागते आणि नव्याने आलेल्याकडे तारण नसते, म्हणून ठिकठिकाणच्या स्थलांतरितांनी आपापसात भिशी चालवून भांडवल उभे केले. अमेरिकेतल्या कोरियन दुकानदारांची ‘के’ ही अशीच भिशी. नेव्हाडातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा लाटव्हियातून आलेला शिंपी होता. मजुरांच्या विजारींचे खिसे उसवू नयेत म्हणून त्याने तांब्याचे रिव्हेट ठोकण्याची युक्ती काढली, पण पेटंटचा खर्च त्याला झेपेना. ज्याच्याकडून तो कापड घेत असे त्या लेव्ही स्ट्रॉस या बव्हेरियातून आलेल्या व्यापाऱ्याला त्याने पत्र लिहिले, स्ट्रॉसने विश्वास ठेवला, आणि 20 मे 1873 रोजी दोघांच्या नावे पेटंट निघाले. पण विश्वास टाकणारा व्यापारी भेटणे हा योगायोग असतो, आणि धोरण योगायोगावर सोडता येत नाही. तारणाशिवाय मिळणारे छोटे कर्ज, कामाच्या वेळेनंतर चालणारे भाषेचे वर्ग, परदेशी पदवी तपासून ठरावीक मुदतीत निर्णय देणारी यंत्रणा या गोष्टी खर्चिक आहेत खऱ्या, पण ज्या देशाला ग्रोव्हसारखी माणसे हवी आहेत त्याने सिटी कॉलेजचा खर्च टाळून चालत नाही.

कार्नेगीच्या बाबतीत हा आधार ग्रंथालयाचा होता. पिट्सबर्गजवळ कर्नल अँडरसन हे गृहस्थ आपली सुमारे चारशे पुस्तके कामकरी मुलांना वाचायला देत असत. तारा पोचवणाऱ्या मुलांना ही सवलत नाही, असे जेव्हा सांगण्यात आले तेव्हा कार्नेगीने वर्तमानपत्राला पत्र लिहून तक्रार केली आणि नियम बदलून घेतला. पुढे त्याने अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींसाठी पैसा दिला. पण त्याच कार्नेगीच्या होमस्टेड येथील पोलाद कारखान्यात 1892 मध्ये वेतनकपातीवरून संघर्ष पेटला, कंपनीने खाजगी सशस्त्र पहारेकरी आणले आणि गोळीबारात माणसे मेली. पूर्व युरोपातून आलेले गरीब मजूर त्या गिरणीत मोठ्या संख्येने होते. स्वतः हातमाग बंद पडलेल्या विणकराचा मुलगा असणे हे त्यांच्याशी न्यायाने वागण्यास पुरेसे ठरले नाही. यशस्वी स्थलांतरिताला आपोआप सद्गुणी मानण्याची सवय आपण सोडायला हवी, आणि तिच्याबरोबरच यश न मिळालेल्याला अपात्र मानण्याचीही.

कूमची आई 2000 साली वारली, व्हॉट्सॲप सुरू होण्याच्या नऊ वर्षे आधी. तिच्या हयातीत तिच्या मुलाने डोळे दिपावेत असे काही केले नव्हते. त्या क्षणी कुणी हिशेब मांडला असता तर तिच्या खात्यावर मुले सांभाळण्याचे काम, अन्नकुपने आणि आजारपणातला भत्ता एवढेच दिसले असते. तिला आत घेणे ही तेव्हा चूक होती आणि 2014 मध्ये ती दुरुस्त झाली, असे म्हणायला कोण धजावेल? ती एक आई होती, काम करत होती आणि आजारी पडली होती. एवढ्यावरच तिचा तिथे राहण्याचा हक्क पुरता सिद्ध होता, आणि मुलाचे नाव कुणालाही कधी कळले नसते तरी तो सिद्धच राहिला असता.

म्हणूनच ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या माणसाला अर्जाचा निकाल लागेपर्यंत साधारणपणे काम करता येत नाही, बारा महिने उलटून गेल्यावरच परवानगी मागता येते आणि तीही मोजक्याच प्रकारच्या कामांसाठी मिळते, हा नियम मला क्रूर आणि नुकसानकारक दोन्ही वाटतो. ही मुदत काही महिन्यांवर आणावी आणि कामाच्या प्रकारांची अट काढून टाकावी. फळी मांडायला मायकेल मार्क्सला पाच पौंडांचा माल पुरला होता, पण ती मांडण्याची मनाई त्याला कुणी केलेली नव्हती.